रत्नागिरी ते गोवा आणि परत, स्वतःच्या बोटीनं, पाच दिवसांत जमंल का? (भरती-ओहोटी कळणाऱ्यांनी या)

रंकाळ्याचा नावाडी
मंडळी नमस्कार, लई दिवसांनी धागा काढतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझ्याकडं १९ फुटी फायबरची बोट आहे, मागं ६० एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. २०१९ च्या महापुरानंतर घेतली, तवा घरातले म्हणाले पुढच्या पुराला कामाला येईल, आणि २०२१ ला खरंच आली. पण पूर काय दरवर्षी येत नाही (येऊ पण नये), त्यामुळं बोट बाकी वर्षभर शेडमध्ये पडून असते आणि बायको विचारते की ह्याचं लोणचं घालायचं का.

तर प्लॅन असा. आम्ही चौघं. गुरुवारी रात्री कोल्हापुरातनं ट्रेलर घेऊन आंबा घाटानं रत्नागिरीत उतरायचं. शुक्रवारी विजयदुर्ग, शनिवारी मालवण, रविवारी गोवा, सोमवार-मंगळवार उलट येऊन रत्नागिरीत बोट ट्रेलरवर आणि बुधवारी कामावर. सकाळी निवांत नाश्ता करून ९ ला निघायचं, मधी एखाद्या बीचवर थांबायचं, ३-४ पर्यंत मुक्काम. दिवाळी झाली की लगेच जाऊ म्हणतोय. हॉटेलं बुक करायचीत म्हणून जरा लवकर सांगा.

तांबडा पांढरा
नाद खुळा!! पाचवा माणूस लागला तर सांगा, पोहता येत नाही पण रस्सा चांगला करतो

बेअरिंग गेलं
भावा ट्रेलर कुणाचा आहे? आपल्या उद्यमनगरात केलेला असंल तर चाकाच्या बेअरिंगचं काय केलंय ते आधी सांग. खाऱ्या पाण्यात उतरवलास की सहा महिन्यांत जाम होतंय, आणि जाम होणार ते घाटातच. बोटीचं लोकं बोलतीलच, मी चाकाचं बोलतो.

देवगडची लेक
दादा, रागावू नका पण तुमचं सगळं वेळापत्रक उलटं झालंय. माझं माहेर देवगडचं, वडील ३० वर्षं तांडेल (मासेमारी बोटीचे प्रमुख) होते, आता कोल्हापुरात शाहूपुरीत असते पण समुद्र काही डोक्यातून जात नाही. ९ ला निघून ३ ला पोचायचं हे आपण एसटीनं जाताना ठरवतो तसं झालं.

हिवाळ्यात आमच्याकडे पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, हलका. किनाऱ्याजवळ पाणी तेलासारखं सपाट. साधारण ११-१२ च्या पुढे जमीन तापते आणि खारा वारा सुरू होतो, तो वायव्येकडून येतो आणि २ ते ५ मध्ये चांगलाच जोर धरतो. फेब्रुवारी-मार्चनंतर तर दुपारी पांढऱ्या फेसाच्या लाटाच दिसतात सगळीकडे. १९ फुटी बोटीत ते म्हणजे हाडं मोजायचा कार्यक्रम. बाबा म्हणायचे, उजेड फुटताना नांगर उचलायचा आणि जेवायच्या आत नांगर टाकायचा. तुम्ही नेमकं समुद्र चांगला असतो तेव्हा नाश्ता करणार आणि बिघडला की निघणार.

आणि वायव्येचा वारा म्हणजे दक्षिणेला जाताना पाठीमागून, तेव्हा कळत नाही. परतीला तो नाकावर. जाताना जे दोन तासांत झालं ते येताना चार तासांत पण होईलच असं नाही. पेट्रोल पण त्याच हिशोबात.

रंकाळ्याचा नावाडी
ताई रागवायचं काय त्यात, ह्यासाठीच विचारलं. म्हणजे मिसळ रद्द, अरेरे. पण मग भरती-ओहोटीचं काय, ती कुठं बघायची आणि तिचा खरंच एवढा फरक पडतोय का? मोटर आहे की आपल्याकडं.

सुकती
गाववाल्यानु, समुद्र काय तुमचो रंकाळो नाय. मोटर आसा म्हणान पाणी थांबता काय?
(मालवणी एवढंच, पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साधं लिहितो.) मोटरीला पाण्याशी भांडता येतं, वाळूशी येत नाही. खाडीच्या तोंडाला वाळूचा पट्टा असतोच, कर्ली, आचरा, भाट्ये, कुठंही बघा. भरतीला वरून तरंगत जाल, सुकतीला (म्हणजे ओहोटीला) तिथंच गुडघाभर पाणी. आणि नुसतं उथळ असतं तर ढकलली असती बोट. खरी गंमत वेगळीच. सुकतीचं पाणी खाडीतून बाहेर धावतंय, समोरून लाट आत येतेय, दोघं त्या वाळूवर एकमेकांना भिडतात आणि लाट उभी राहते. खोल पाण्यात जी लाट तुम्हाला कळलीच नव्हती ती तिथं छातीएवढी होऊन फुटते. आमच्याकडे बोटी उलटतात त्या भर समुद्रात कमी आणि तोंडाशी जास्त.

रंकाळ्याचा नावाडी
आता सांगायची लाज वाटते पण सांगतो. मागच्या वर्षी देवबागला कर्लीच्या खाडीत गेलो होतो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, साडेअकरा-बाराला, पाणी काठोकाठ. म्हटलं लई भारी, बोट पार वाळूवर नेऊन टेकवली, नांगर टाकला आणि सुरमई थाळीला गेलो. थाळी, सोलकढी, परत सोलकढी, वर जरा आडवं झालो. चारला येऊन बघतोय तर बोट कुशीवर झोपलेली आणि पाणी पन्नास पावलं लांब. नांगराचा दोर वाळूवर सापासारखा वेडावाकडा पडलेला. इंजिनच्या पंख्याच्या खाली एक बारकं पोरगं शिंपले गोळा करत होतं. त्याच्या आईनं आमच्याकडं बघितलं, बोटीकडं बघितलं आणि म्हणाली, "रात्री येवा." बास, एवढंच.

रात्री साडेदहाला बोट हलली. तोवर पाचजण वाळूत बसून डास मारत होतो.

देवगडची लेक
😂😂 दादा नशीब चांगलं म्हणून रात्री तरी निघाली. उधाणाच्या अगदी टोकाला बोट वर चढवली आणि पुढची भरती थोडी कमी आली तर ती पंधरा दिवस तिथेच. आमच्याकडे एक नियम आहे, चढत्या पाण्यात टेकलीस तर हस, उतरत्या पाण्यात टेकलीस तर चहा मागव.

आता हिशोब सांगते, आजीकडून शिकलेला. तिथी घ्या आणि पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आसपास भरती आणि संध्याकाळी पण सहाच्या आसपास. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच. पंचांग भिंतीवर असतंच सगळ्यांच्या. आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, भांगाला दोन्ही बेताचं.

गणिताचा तास
ताईंचा नियम छान आहे, पण मास्तरकीची खोड जात नाही म्हणून दोन-तीन दुरुस्त्या.

एक तर पाऊणपट म्हणजे रोज ४५ मिनिटं धरली. प्रत्यक्षात भरती रोज सरासरी ५० मिनिटांच्या जवळपास पुढं जाते, आणि ती पण सारखी नाही. उधाणाच्या दिवसांत कमी सरकते, भांगाच्या दिवसांत एका दिवसात तासाच्या वर पण सरकते. त्यामुळं नियमानं अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होणारच. दुसरं म्हणजे हा नियम मुंबईकडं बरा जमतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकते, त्यामुळं मालवण-रत्नागिरी पट्ट्यात मुंबईपेक्षा तासभर आधी धरा. सगळ्यात मोठं उधाण पण नेमकं पौर्णिमेला नसतं, एक-दोन दिवस मागून येतं. नावाडी भाऊ, तुमची बोट नेमकी त्याच दिवशी वर चढलेली.

अजून एक. पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी येतं किंवा जातं. थाळीवर बसलेला माणूस फसतो तो ह्याच दोन तासांत.

पंचगंगा घाट
आपल्याकडं राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि ३९ वरनं ४३ वर जायला आख्खा दिवस आपण फोन हातात धरून बसतो. तिथं सहा तासांत एवढा फरक रोज दोनदा होतो म्हणजे अवघडच की ओ

गणिताचा तास
उलट ह्याहून जास्त, चार फूट म्हणजे सव्वा मीटरच. मुंबईत उधाणाला चार मीटरच्या वर जातो, पण खाली दक्षिणेला कमी होत जातो. रत्नागिरीला साधारण दोन-अडीच मीटर, मालवणला दोनच्या आसपास. वर खंभातच्या आखातात दहा मीटरच्या वर. आखात निमुळतं आणि उथळ होत जातं म्हणून पाणी तिथं दाटून चढतं. त्यामुळं ज्यांनी मुंबईचं टेबल बघून मालवणचा अंदाज बांधला त्यांचा वेळेचा हिशोब पण चुकणार आणि खोलीचा पण. डेहराडूनची सर्व्हे ऑफ इंडिया टाइड टेबल (भरती-ओहोटीचा तक्ता) छापते, त्यात बंदरनिहाय आकडे असतात, ते घ्या. एकाच दिवसातल्या दोन भरत्या पण सारख्या नसतात, ते पंचांगावरनं कळत नाही.

निवृत्त खलाशी
मोठ्या जहाजावर होतो, लहान बोटीचं ज्ञान ह्या ताईंना माझ्यापेक्षा जास्त. फक्त दिवाळीनंतर लगेच जायचं म्हणताय त्यावर बोलतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रात वादळांचा काळ. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये ह्याच किनाऱ्यावरून गेलं, कोकणातल्या किती घरांत अजून ते नाव निघालं की बाया गप्प होतात. क्यार ऑक्टोबर २०१९. ओखी तर डिसेंबर २०१७ चं. दुसऱ्या टोकाला तौक्ते मे २०२१ आणि निसर्ग ३ जून २०२०. मधला जानेवारी-फेब्रुवारी त्यातल्या त्यात शांत. जून ते ऑगस्ट तर प्रश्नच नाही, नारळी पौर्णिमेआधी शहाणा माणूस होडी शाकारून ठेवतो.

वारा नाही म्हणजे लाट नाही असं पण समजू नका. पार दक्षिण महासागरात वादळ झालं की त्याची लांब लाट, स्वेल म्हणतात ती, हजारो मैल येते. हैदराबादच्या इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) साइटवर लाटेची उंची आणि दोन लाटांमधलं अंतर सेकंदात दिलेलं असतं. सगळे उंचीच बघतात. तुम्ही सेकंद बघा. सहा-सात सेकंदांची दीड मीटर लाट म्हणजे स्थानिक वाऱ्याची, त्रास देईल पण कळेल. १५-१६ सेकंदांची दीड मीटर लाट बाहेर पाळण्यासारखी वाटेल आणि तीच खाडीच्या तोंडावर सुकतीभाऊ म्हणतात तशी उभी राहील.

तांबडा पांढरा
थोडक्यात इस्कटून सांगा, कधी जायचं? मी रजा टाकतोय

देवगडची लेक
हेच तर मजेदार आहे. आता दोन्ही हिशोब एकावर एक ठेवा. वाऱ्यासाठी आपल्याला पहाटे निघायचंय आणि १०-११ च्या आत शिरायचंय, हे पक्कं. मग भरती कधी हवी? निघताना चढतं पाणी आणि शिरताना पण निदान भरलेलं.

अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे भरती ११ च्या सुमारास, म्हणजे शिरायला छान, पण पहाटे ५-६ ला नेमकी सुकती, आणि ती पण उधाणाची, सगळ्यात खाली गेलेली. निघतानाच रुतणार. अष्टमीला पहाटे ५ ला भरती, निघायला मस्त, पण शिरताना ११ ला सुकती. ती भांगाची म्हणून थोडी बरी, पण पाणी बाहेर धावत असतं. तृतीया-चतुर्थीला तर निघताना उतरतं पाणी आणि शिरताना सुकती, दोन्हीकडून मार.

उरली दशमी ते त्रयोदशी. आमच्या भागात साडेसहा ते पावणेनऊच्या दरम्यान भरती. उजेड फुटायला निघालात तर पाणी भरलेलं किंवा चढतं, दोन-अडीच तासांनी पोचलात तर अजून भरपूर पाणी. पौष वद्य दशमीपासून चार दिवस धरा. यंदा जानेवारीत येते.

तारखेची सुट्टी नका बघू, तिथी बघा. आणि पाच दिवसांचा प्रवास असेल तर सात दिवसांची रजा काढा.

तांबडा पांढरा
म्हणजे मधी एकादशी येतीय?? मालवणात जाऊन साबुदाणा??

सुकती
तुका कोणी उपास करूक सांगितलो

बेअरिंग गेलं
परतीचं कशाला करताय पण? ट्रेलर रत्नागिरीत ठेवायचाच नाही. बोट उतरवली की कुणीतरी गाडी-ट्रेलर घेऊन खाली सरकायचं, शेवटच्या बंदरात बोट वर काढायची आणि तिकडनंच घाट चढायचा, फोंडा नाहीतर गगनबावडा. नाकावरचा वारा पण टळला आणि पेट्रोल पण वाचलं. चौघांतला एक गाडीत बसंल, रोज बदलून. उलट्या पण कमी होतील 😄

रंकाळ्याचा नावाडी
हे डोक्यातच आलं नव्हतं राव. मेव्हण्याला विचारतो, त्याला बोट लागते आणि गाडी चालवायला आवडते.

मैलांचा हिशोब मी काढला, सागरी मैल धरून (१ सागरी मैल = १.८५२ किमी). रत्नागिरी-विजयदुर्ग २६, विजयदुर्ग-देवगड ११, देवगड-मालवण २१, मालवण-वेंगुर्ला १६. गोवा सोडून दिला, तिथलं बंदर कप्तान खातं वेगळं, त्यांना वेगळं कळवा, कशाला. एकूण ७४. माझ्या बोटीला १४ नॉट्सला (ताशी १४ सागरी मैल) मैलाला साधारण लिटरभर लागतंय. मग ८० लिटर बास?

निवृत्त खलाशी
एकूण बघायचं नसतं, एका टप्प्याचं बघायचं. एक हिस्सा जायला, एक परत फिरायला, एक शिल्लक. २६ मैलांचा टप्पा म्हणजे बोटीत ७८-८० लिटर. तोंडाशी लाट फुटतेय म्हणून परत फिरायची वेळ आली तर तेव्हा पेट्रोल मोजत बसू नये. आणि जेटीवर डिझेल दिसेल, ते मच्छीमार सोसायट्यांचं. पेट्रोल रस्त्यावरच्या पंपावरून कॅनमध्ये. तुमचा मेव्हणा इथंच कामाला येईल.

देवगडची लेक
आणि मधल्या वाटा काढून ठेवा. रत्नागिरी-विजयदुर्गच्या मध्ये पूर्णगड आणि जैतापूर, पण पूर्णगडला भरती असेल तरच शिरा. विजयदुर्गला वाघोटनची खाडी खोल आहे, आत आलात की घरच. फक्त किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली दगडी भिंत आहे, किल्ल्याला चिकटून फोटो काढायला जाऊ नका. देवगडचं बंदर आडोशाचं, वादळाचा बावटा लागला की गुजरात-तामिळनाडूच्या बोटी पण आमच्याकडेच येऊन थांबतात. मालवण मात्र खडपांचं. सिंधुदुर्गाच्या भोवती सगळीकडे बुडीत खडक, वाट ठरलेली आहे, ती तिथल्या माणसाला विचारूनच. पहिल्यांदा जाताय तर एखादा स्थानिक बोटवाला पुढे घ्या, पैसे द्या, लाजू नका.

सुकती
आणि मालवणात नांगर वाळू बघून टाका. सागरी अभयारण्य आहे ते १९८७ पासून, प्रवाळावर नांगर पडला की झालं. काळोखात चालवू नका, जाळ्यांचे बोये दिसत नाहीत, पंख्यात दोर गुंडाळला की कोयता घेऊन पाण्यात उतरावं लागतं. लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर चालू. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ चौघांच्याही फोनात. निघताना मेरीटाईम बोर्डाचे नोंदणीचे कागद जवळ ठेवा आणि सागरी पोलिसांना सांगून जा, नाहीतर प्रत्येक बंदरात चौकशी.

पंचगंगा घाट
हा धागा वर ठेवा ओ कुणीतरी

रंकाळ्याचा नावाडी
*(जानेवारी, परत आल्यावर)*

मंडळी, आलो. सगळे धड आहोत.

दशमीला पावणेसातला रत्नागिरीतनं बाहेर पडलो, पाणी भरलेलं, वारा पाठीमागं हलका, समुद्र खरंच तेलासारखा. नऊच्या आत विजयदुर्ग. किल्ल्याच्या बुरुजाखालनं खाडीत शिरताना कुणी बोललंच नाही, तांबडा पांढरा सुद्धा गप्प. (होय, घेतला त्याला. जॅकेट जेवताना पण काढलं नाही.) दुपारी दोनला जेटीवर उभं राहून बाहेर बघितलं तर सगळीकडं पांढरे फेस. माझ्या मूळ प्लॅनप्रमाणं आम्ही तेव्हा तिथं असतो.

एकादशीला देवगड करून मालवण गाठायचं होतं. पहाटे फोनवर बघितलं तर स्वेल १६ सेकंद, १.८ मीटर. वारा अजिबात नाही, जेटीवर पाणी हलत पण नव्हतं. मेव्हणा म्हणाला एवढं शांत आहे, चला की. तिथला एक म्हातारा जाळं विणत बसला होता, त्यानं हातातली सुई न थांबवता मान हलवली, नको. थांबलो. आठच्या सुमारास तोंडाकडं चालत जाऊन बघितलं, तर मिनिटाला तीन-चार लाटा, पण एकेक पत्र्याच्या शेडएवढी येऊन खडकावर फुटत होती. मालवणच्या हॉटेलचा ॲडव्हान्स गेला. मागितला, दिला नाही.

द्वादशीला निघालो, देवगडला चहा, दहाच्या आत मालवण, एका बोटवाल्याच्या मागं मागं. वेंगुर्ला ह्या वेळी सोडलं, रजा संपत आलेली. ताई, सात दिवस म्हणाला होता, मी सहाच काढलेली.

पेट्रोल मैलाला १.२ लिटर लागलं, लिटर नाही. चार माणसं आणि तांबड्याची भांडी.

बेअरिंग गेलं
बोट वर काढल्यावर बेअरिंगला ग्रीस मारलं का?

रंकाळ्याचा नावाडी
इंजिन गोड्या पाण्यानं धुतलं, जॅकेटं धुतली, दोर धुतले.

बेअरिंग गेलं
मी ग्रीस विचारलं

रंकाळ्याचा नावाडी
फोंडा घाटात डावं चाक शिट्टी मारायला लागलं. उद्या ट्रेलर घेऊन येतो, किती वाजता असतोस?